न सोडलेला बाण

बडनेरा

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि फलाटावरच्या झाडून सगळ्या पुरुषांनी कानाला मफलर गुंडाळले होते. पुण्यातली थंडी स्वेटर मिरवण्यापुरती असते. ही थंडी खरी होती. मला न्यायला आलेल्या रिक्षावाल्यानं बॅग उचलली आणि चालता चालता सरळ विचारलं, "मॅडम, तुमी पागलांच्या डॉक्टर हाय काय?"

"कोण म्हणालं असं?"

"वानखडेसर म्हणे, मनाच्या डॉक्टर येऊन राहिल्या. मंग एकच झालं ना ते."

मी त्याला सांगितलं, की मी डॉक्टर नाही, खेळाडूंबरोबर काम करते. शरीराचा सराव असतो तसा मनाचाही करावा लागतो. लक्ष कुठे ठेवायचं, छातीत धडधडायला लागलं की काय करायचं, एकदा चुकल्यावर पुढच्या वेळी तेच डोक्यात घेऊन कसं जायचं नाही, असं सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं. रिक्षा अमरावतीत शिरल्यावर म्हणाला, "मंग आमच्या पोट्ट्याचं मोबाइलचं येड जाते काय त्याच्यानं?"

ते माझ्या हातात नाही, असं मी कबूल केलं. "मंग राहू द्या," तो म्हणाला, आणि उरलेल्या रस्त्यात त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही.

मी आले होते ती एका व्हिडिओमुळे. वानखडेसर अमरावतीच्या कडेला तिरंदाजीचं एक छोटं केंद्र चालवतात. आमची ओळख एका शिबिरात झालेली. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी मोबाइलवर एक तुकडा पाठवला. त्यात एक उंच, सावळी मुलगी धनुष्य ताणून उभी होती. दोरी हनुवटीला टेकलेली, नेम धरलेला, आणि मग काहीच होत नव्हतं. हात थरथरायला लागले, मान वाकडी झाली, आणि शेवटी बाण सुटला तो मुलीनं सोडला म्हणून नव्हे, हातातून निसटला म्हणून. खाली सरांनी लिहिलं होतं, "पोरगी मेहनती आहे. पण बाण तिचं ऐकत नाही."

तिरंदाज याला टार्गेट पॅनिक म्हणतात. नेम मधल्या पिवळ्या वर्तुळावर आला, की हात गोठतो, नाहीतर घाईनं सुटतो. अंगात ताकद असते, नजर शाबूत असते, कालपर्यंत जमत होतं तेच आज जमत नाही. मी नेमबाजांबरोबर बरंच काम केलंय, पण तिरंदाजाचा असा गोठलेला हात जवळून कधी पाहिला नव्हता. त्या मुलीला मदत करावी हे होतंच, पण खरं सांगायचं तर मला तो हात पाहायचा होता.

अमरावती

मैदानाच्या एका बाजूला कडुनिंबाची रांग, दुसऱ्या बाजूला गवताचे दाबून बांधलेले गठ्ठे आणि त्यांवर रंगीत वर्तुळांची टार्गेटं. सर धुक्यातून चालत आले. पन्नाशीचे, बुटके, आवाज मात्र मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा. "या मॅडम. आधी चहा घ्या, मंग पोट्ट्यायले भेटा."

चहा घेताना त्यांनी मला सगळं स्पष्ट सांगून टाकलं. मुलीचं नाव रेणुका. गाव भातकुली, घरी फुलशेती. मागल्या वर्षी राज्य पातळीवर पदक घेऊन आली आणि काही महिन्यांत हे सुरू झालं. आता आठवड्याभरानं अकोल्याला राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आहे. "अन् केंद्राजवळ चांगलं धनुष्य एकच आहे," सर म्हणाले. "ते रेणुकाकडे आहे. तिची निवड झाली नाही, तर पुढल्या हंगामासाठी ते साक्षीला द्यायचं, असं दोघींसमोर ठरलंय. साक्षी दोन वर्षांपासून जुन्या धनुष्यावर खेळून राहिली. तिच्यावर अन्याय नको."

साक्षी म्हणजे रेणुकाची जिवलग मैत्रीण. गोल चेहऱ्याची, बोलकी. ती रेणुकाच्या शेजारीच उभी राहून बाण मारत होती, आणि रेणुकाचा हात गोठला की हळूच दुसरीकडे बघत होती. मला आधी वाटलं, ती मनातून खूश असेल. दुसऱ्या दिवशी कळलं, की रेणुकाला तिच्या स्कूटरवरून मैदानावर आणणारी साक्षीच होती. गेल्या महिन्यात रेणुका यायचंच बंद करणार होती.

पहिलं सत्र मी सगळ्या मुलांसाठी घेतलं, कडुनिंबाखाली. डोळे मिटा, श्वास लांब सोडा, आता एका शांत समुद्रकिनाऱ्यावर या. पुण्यात हे मी शेकडो वेळा केलंय. थोड्या वेळानं डोळे उघडायला लावून विचारलं, काय दिसलं?

मग साक्षी म्हणाली, "मॅडम, मले पिक्चरमधला समुद्र दिसला. त्यात जहाज बुडून राहिलं होतं."

"मले तं समुद्र दिसलाच नाई," मागून एक मुलगा म्हणाला. "मी नुसते डोये मिटून राहिलो."

सगळे हसले. मीही हसले. त्यांच्यातल्या एकानंही समुद्र पाहिला नव्हता, आणि मी विचारायचे कष्ट घेतले नव्हते. मग मी म्हटलं, ठीक आहे, समुद्र सोडा. तुम्हाला जिथं बरं वाटतं तिथं जा. या वेळी सगळ्यांना काही ना काही दिसलं. मामाचं शेत, देवळाचा ओटा, एकाला सरळ पलंग. रेणुका शेवटी बोलली. "मी सकायच्या फुलबाजारात गेली होती."

"तिथं तर केवढा गोंधळ असेल."

"हाव. बाबासंग जातो मी कधी कधी. लय कल्ला रायते." इकडच्या बायका-मुली 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, माझ्या कानाला त्याची सवय व्हायला दोन दिवस लागले. ती पुढे म्हणाली, "पण तथी माह्याकडे कोणी पायत नाई. सारे फुलाकडे पायतात."

मला त्या आठवड्यात मिळालेला पहिला धागा तो.

संध्याकाळी सर मला गिला वडा खायला घेऊन गेले. पाण्यात नरम केलेले डाळीचे वडे, वर दही, चिंचेचं पाणी आणि सोबत तळलेली मिरची. पुण्यात मिरची ताटात शोभेला असते, म्हणून मी सरळ चावली. पुढची काही मिनिटं मी क्रीडा मानसशास्त्राचा विचार केला नाही. श्वास लांब सोडण्याचा उपाय मिरचीवर चालत नाही, एवढं मात्र नक्की सांगते.

भातकुली

दुसऱ्या दिवशी दुपारी रेणुकाबरोबर तिच्या घरी गेले. साक्षीची स्कूटर त्या दिवशी आमच्या ताब्यात होती. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, तूर शेंगांनी वाकलेली, मधेच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. आमच्याकडे नजर कुठेतरी डोंगराला जाऊन थांबते. इथं ती थांबतच नाही, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यानं जरा पोरकं वाटतं.

गावात शिरताना एका चौकात रेणुकानं एकदम वेग वाढवला. मी तोल सावरत वर पाहिलं, तर पानठेल्याच्या वर भलंमोठं फ्लेक्स. त्यावर धनुष्य ताणलेली रेणुका, वर ठळक अक्षरांत 'भातकुलीची शान', आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे गॉगल लावलेले फोटो. उन्हानं तिचा चेहरा निळसर पडला होता. वर्षभर ते तिथंच होतं आणि ती रोज त्याच्याखालून जात-येत होती.

घरी तिचे वडील नामदेवराव आणि आई शोभाताई दोघंही शेतात होते, म्हणून आम्हीही तिकडेच गेलो. या भागात विहिरीचं पाणी खारं. नामदेवरावांनी शेततळं करून त्याच्या पाण्यावर शेवंती लावली होती. काळ्या जमिनीवर पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीचे वाफे. दोघं वाकून फुलं खुडत होती. आम्हाला पाहून शोभाताई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आल्या आणि डबा उघडला. ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची, म्हणजे हिरव्या दाण्यांची वांगी घातलेली भाजी, ठेचा. ठेच्याशी मी या वेळी अंतर राखून वागले.

पुण्यात खेळाडूंचे पालक माझ्यासमोर बसतात ते गुणांचा सगळा हिशोब पाठ करून. इथं कुणी गुणांबद्दल अवाक्षर काढलं नाही. जेवण झाल्यावर नामदेवरावांनी एकच विचारलं, "तिले भेव काह्याचं वाटते, ते समजलं काय तुमाले?"

"अजून नाही," मी म्हटलं.

शोभाताई म्हणाल्या, "मले वाटते ते चौकातलं चित्र. ते लागल्यापासून जो भेटला तो विचारते, कवा जाऊन राहिली ऑलिम्पिकले? इले दुकानातही जाऊ वाटत नाई."

"पण पोट्ट्यायनं प्रेमानं लावलं ते," नामदेवराव म्हणाले. "काढा म्हणाव तं वाईट दिसते."

रेणुका मातीत काडीनं रेघा ओढत होती. अशा वेळी सल्ला द्यावासा फार वाटतो. तो गिळणं हा माझ्या कामातला अवघड भाग आहे.

परत निघालो तेव्हा त्याच चौकात तिनं स्कूटर थांबवली. पानठेल्यावर तिशीचा एक माणूस बसला होता. फ्लेक्सवरच्या गॉगलवाल्यांत तोही होता.

"पिंटूदादा, ते उतरवा ना आता."

"काऊन वो? आवडला नाई काय फोटो?"

"आवडला ना. पण लय दिवस झाले. आमाले शेवंती टाकाले कायतरी पायजे खाली. ते कामी येईल."

पिंटूदादानं तिच्याकडे पाहिलं, वर फ्लेक्सकडे पाहिलं. त्याला राग आला असावा असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "नेय बापा. माह्या फोटोचा कोपरा तेवढा मले कापून दे." आणि खरोखरच त्यानं शिडी आणून ते उतरवलं, कात्रीनं स्वतःचा कोपरा कापून ठेल्यात चिकटवला आणि उरलेली गुंडाळी तिच्या हातात दिली.

ती गुंडाळी माझ्या मांडीवर धरून आम्ही पुन्हा शेतात गेलो. शोभाताईंनी ते बांधावर अंथरलं आणि टोपल्या त्यावर पालथ्या केल्या. मुलीच्या चेहऱ्यावर पाय पडू नये म्हणून त्या कडेकडेनं फिरत होत्या. रेणुका मात्र त्यावरून सरळ चालत गेली.

मला वाटलं, संपलं. गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानावर उभी राहिली, धनुष्य ताणलं, नेम पिवळ्यावर आला आणि हात तसाच गोठला. कारण सापडलं म्हणून सवय जात नाही, हे मी इतरांना शिकवते. तरी मला त्या सकाळी हिरमुसल्यासारखं झालं.

अंजनगाव सुर्जी

त्यानंतरच्या दिवशी मैदानावर कुणाच्या तरी सभेचा मांडव पडला आणि सराव बंद. सर म्हणाले, "चला, तुमाले माह्या वस्तादाकडे नेतो. तिरंदाजीच्या आधी मी कुस्ती खेळत होतो."

अंजनगावच्या बाहेर देवमनदादांचा पानमळा आहे. बाहेर ऊन, आत शिरलं की एकदम गार सावली. शेवरीच्या उंच झाडांवर चढलेले नागवेलीचे वेल आणि ओल्या मातीचा वास. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. देवमनदादा ऐंशीच्या घरात आहेत, कान कुस्तीनं मुडपलेले, पण बसतात अजून ताठ. मी काय काम करते ते सरांनी त्यांना ओरडून सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही ते कळलं नाही, पण मी विचारलं त्याला त्यांनी न लाजता उत्तर दिलं.

"कुस्तीच्या आधी मले उलटी होये. दर टायमाले."

"मग तुम्ही काय करायचात?"

"उलटी करो, तोंड धुवो आन लढाले जावो."

"भीती जावी म्हणून काही करायचात का?"

"भेव कायले जाईन? जात असतं तं उलटी कायले झाली असती." त्यांनी हात मागे नेऊन स्वतःची पाठ दाखवली. "वस्ताद एक थापड मारत पाठीत. मंग मी आखाड्यात उतरो."

"थापड मारली की जिंकायचात?"

"कवा जिंको, कवा हारो. थापड तेवढी दर टायमाले लागे."

सर पोट धरून हसले. मी मात्र परतीच्या वाटेवर बराच वेळ त्या थापडेचा विचार करत होते. आम्ही खेळाडूला प्रत्येक प्रयत्नाआधी ठरलेला एक क्रम शिकवतो: पाय, पकड, श्वास, आणि एखादा शब्द. त्या माणसाचा क्रम उलटी, पाणी आणि थापड असा होता. त्यानं भीती जात नव्हती, पण भीतीच्या पुढची पायरी ठरलेली होती. गंमत वाटली ती याची, की पन्नास वर्षांपूर्वीच्या आखाड्यात याला कुणी काही नाव दिलेलं नव्हतं, आणि थापडेचं तंत्र मला शिबिरात शिकवता येणार नव्हतं.

पुन्हा अमरावती

उरलेल्या दिवसांत आम्ही अगदी मुळापासून सुरुवात केली. टार्गेट काढून टाकलं. रेणुकाला गवताच्या गठ्ठ्यासमोर जवळ उभं केलं आणि डोळे मिटून बाण मारायला सांगितलं. नेमच नाही, तर भीती कशाची? तिचे बाण सुंदर सुटायला लागले. दोरीचा आवाज एकसारखा यायला लागला. मग डोळे उघडे. मग कोरा कागद. मग पुन्हा रंगीत वर्तुळं, आणि तिथं पुन्हा तोच अडथळा.

तेव्हा मी तिला उतरवायला शिकवलं. म्हणजे धनुष्य पूर्ण ताणायचं, नेम पिवळ्यावर आणायचा, क्षणभर तिथं राहायचं आणि बाण न सोडता दोरी हळूहळू सैल करायची. पुन्हा ताणायचं, पुन्हा उतरवायचं. पिवळ्यावर आलं म्हणजे सोडलंच पाहिजे, ही सक्ती हाताच्या मनातून काढायची होती.

तिला ते अजिबात आवडलं नाही. "मॅडम, मी बाण माराले येतो अथी. उतरवाले नाई."

"ज्याला उतरवता येतं त्यालाच सोडता येतं."

"हे पुस्तकातलं वाक्य हाय," साक्षी शेजारून म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

एका शब्दाचीही गरज होती, ताणल्यावर स्वतःशी म्हणायला. मी 'स्थिर' सुचवला. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. "असं कोणी बोलते काय, मॅडम," रेणुका म्हणाली. तिनं थोडा विचार केला आणि स्वतःचा शब्द काढला: 'हाव'. म्हणजे हो. पुण्यात हाव म्हणजे लोभ. खेळाडूनं तो शब्द घोकावा अशी कल्पनाच आमच्याकडे कुणी करणार नाही. पण इथं तो होकार होता. ताणल्यावर स्वतःलाच विचारायचं, बरोबर वाटतं काय? आतून 'हाव' आलं तर सोडायचं. 'नाई' आलं तर उतरवायचं.

दोन दिवसांत तिचे बहुतेक बाण 'हाव'वर सुटायला लागले. अधूनमधून 'नाई' यायचं आणि ती नाक मुरडत उतरवायची. वानखडेसर हात मागे बांधून पाहत होते. संध्याकाळी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, चांगलं आहे. पण स्पर्धेत वेळ बांधलेली असते. सहा बाण, ठरलेल्या वेळात. ती उतरवत बसली तर?"

"हे मला माहीत आहे," मी म्हटलं. "पण घाबरून सोडलेला बाण तिला पुन्हा जुन्या जागी नेईल."

सर म्हणाले, "बघू."

अकोला

चाचणीच्या दिवशी पहाटेच जीपनं निघालो. मूर्तिजापूरला पोहे खाल्ले, वर लालभडक तर्री. रेणुकानं दोन घास खाऊन प्लेट साक्षीकडे सरकवली आणि साक्षीनं ती संपवली. साक्षीही चाचणीला उतरणार होती, जुनं धनुष्य घेऊन.

अकोल्याच्या मैदानावर ऊन लवकर चढलं. वारा डावीकडून येत होता आणि टार्गेटांवरच्या छोट्या झेंड्या सारख्या दिशा बदलत होत्या. वेगवेगळ्या जिल्ह्यांची मुलं रांगेत, मागे दोरीच्या पलीकडे प्रशिक्षक आणि पालक. मी सरांशेजारी उभी राहिले. नामदेवराव आणि शोभाताई आले नव्हते. शेवंतीचा तोडा होता, आणि रेणुकानंच येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

चाचणीचा सकाळचा अर्धा भाग ती सुरेख खेळली. मी तिला पाठीमागून पाहत होते. खांदे खाली, श्वास लांब, दोरीचा तोच एकसारखा आवाज. सर दुर्बिणीला डोळा लावून पुटपुटत होते, पिवळा, पिवळा, लाल, पिवळा. दुपारच्या सुट्टीत ती निवडीच्या रेषेच्या वर होती. तिला ते कुणी सांगू नये असं मी ठरवलं होतं. पण दुसऱ्या जिल्ह्याच्या एका प्रशिक्षकानं जाता जाता तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं तर झालं बेटा."

सुट्टीनंतरच्या पहिल्या काही फेऱ्या ठीक गेल्या. मग एका फेरीत पाच बाण सुटले आणि सहाव्याला तिनं ताणलं, नेम धरला, आणि मला तिच्या कोपराची ती ओळखीची थरथर दिसली. माझ्या शेजारी सरांनी दुर्बिणीवरून डोळा काढला.

तिनं उतरवलं.

घड्याळातले सेकंद कमी होत होते. तिनं पुन्हा ताणलं. कोपर पुन्हा थरथरलं. "सोड," सर अगदी हळू म्हणाले, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. "कुठंही सोड, पण सोड." तिनं पुन्हा उतरवलं. तिसऱ्यांदा ताणायला लागली तेव्हा भोंगा वाजला. फेरी संपली. तिच्या धनुष्यावरचा बाण तिनं काढून भात्यात परत ठेवला. त्या बाणाचे गुण शून्य.

सर माझ्याकडे वळले नाहीत. वळले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या फेरीत ती परत बाण मारायच्या रेषेवर आली. मी तिची मान, खांदे, कोपर, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहत होते. तिनं ताणलं, थांबली आणि सोडला. स्वच्छ. पुढचाही. शेवटपर्यंत तिनं एकही बाण घाईनं सोडला नाही. त्यानंतर दोनदा उतरवलं आणि दोन्ही वेळा पुन्हा ताणून वेळेत मारला.

निकाल लागला तेव्हा निवड झालेल्यांच्या लगेच खाली तिचं नाव होतं. तो एक बाण टार्गेटवर कुठंही लागला असता, अगदी बाहेरच्या पांढऱ्या पट्ट्यात, तरी ती निवडली गेली असती. सरांनी ती बेरीज दोनदा केली. साक्षी बरीच खाली होती.

परतताना जीपमध्ये मी खिडकीतून कापसाच्या उघड्या बोंडांकडे पाहत होते आणि एकच प्रश्न डोक्यात फिरत होता: मी तिला उतरवायला शिकवलं नसतं, तर ती आज निवडली गेली असती का? शक्य आहे. तो बाण कसाही निसटला असता आणि पांढऱ्यात तरी रुतला असता. त्यानंतरच्या बाणांचं काय झालं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या कामात असे प्रश्न येतात आणि उत्तराशिवाय राहतात. पण एरवी ते माझ्या खोलीत येतात, शेजारच्या सीटवर बसलेले नसतात.

अमरावती येत आलं तेव्हा सर पुढच्या सीटवरून, न वळता, म्हणाले, "मॅडम, मी तिथं सोड म्हणालो ना. माह्या तोंडून निघालं. पण तिनं ऐकलं असतं तर मला राग आला असता." थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "निवड झाली असती तरी."

अमरावती, निघताना

माझी गाडी संध्याकाळची होती. दुपारी मैदानावर निरोप घ्यायला गेले. ठरल्याप्रमाणे केंद्राचं चांगलं धनुष्य आता साक्षीच्या हातात होतं. रेणुकानं स्वतःच ते तिच्या मापाला लावून द्यायला मदत केली होती, आणि आता ती साक्षीचं जुनं धनुष्य घेऊन उभी होती. ते जड होतं, त्याची मूठ फडक्यानं बांधलेली होती. साक्षीचे बाण नव्या धनुष्यावर सगळे वर चालले होते आणि ती वैतागत होती.

"वाईट वाटलं?" मी रेणुकाला विचारलं.

"वाटलं ना. काल घरी जाऊन लय रडली मी. आई म्हणे, रड."

"माझ्यावर राग आला?"

तिनं खरंच विचार केला, म्हणजे मला बरं वाटावं म्हणून उत्तर दिलं नाही. "जीपमध्ये आला होता. मंग गेला. उतरवलं तं मीच, मॅडम. तुमी थोडी उतरवलं."

"पुन्हा तशीच वेळ आली तर?"

"येईलच ना," ती म्हणाली. "ते गेलं असं नाई वाटत मले. येईल, मंग उतरवीन, मंग पुन्हा ताणीन. वेळेत ताणाले शिकाव लागीन, एवढंच."

सरांनी मैदानाच्या टोकावरून हाक मारली. रेणुकानं जुनं धनुष्य उचललं, पाय रोवले आणि दोरी ओढली. दोन पोरं तिच्या मागे उभी राहून टक लावून पाहत होती, सर पाहत होते, मीही पाहत होते. बाण सुटला आणि पिवळ्याच्या बाहेर, लाल पट्ट्यात लागला. तिनं तोंड वाकडं केलं आणि मूठ नीट पकडत दुसरा बाण काढला.